इल्कोच्या पाण्यातले मासे

वेलिकामावशीला पक्षाघाताचा झटका आला तो मार्चमध्ये, आणि स्तामेनकाकांनी काचेची पेटी आणली ती मेमध्ये. मधले दोन महिने ती बाई भिंत बघत पडून होती. उजवी बाजू गेलेली, त्यामुळे डाव्या कुशीवर निजवायची, आणि डाव्या कुशीला समोर काय, तर भिंत. पलंग फिरवायला खोलीत जागा नव्हती. खाणकामगारांसाठी या इमारती ज्यानं आखल्या, त्याच्या हिशेबी कामगाराच्या घरात कुणी आजारी पडतच नसावं.

"तिच्यासमोर काहीतरी हलतं पाहिजे," काका मला म्हणाले.

"टीव्ही आहे की."

"टीव्हीवर सगळे ओरडतात. तिला उलट बोलता येत नाही, मग ती रडते. मासे ओरडत नाहीत."

माझ्याकडे जुनी गाडी होती म्हणून मी त्यांना शनिवारी जिल्ह्याच्या बाजारात घेऊन गेले. आमच्या रुदेन दोलमध्ये कुणाला कुठे जायचं असलं, कुणाचा अर्ज लिहायचा असला, कुणाला ग्रामसभेत भांडायला तोंड हवं असलं, की सगळे ग्रोझ्दाकडेच येतात. ग्रोझ्दा म्हणजे मी. शाळा आठवीत सुटली, पण कायद्याची पुस्तकं मी स्वतः वाचली आहेत आणि माझ्यासमोर साहेबाला घाम फुटतो. काका मात्र कधी काही मागायला येत नसत. तीस वर्षं खाणीच्या फेसाच्या हौदांवर काम केलेला माणूस. खडकाच्या भुकटीत मोरचूद आणि औषधं घालून फेस काढायचा, फेसाबरोबर धातू वर येतो, उरलेला गाळ तळ्यात सोडायचा. हातांचा रंग कायमचा राखाडी झालेला.

बाजारात मासे विकणारा दोंचो म्हणून एक फटकळ इसम होता. काकांनी साठ लिटरची पेटी घेतली, वाळू घेतली, आणि सरळ गप्पी माशांच्या पिशवीकडे हात केला. दोंचोनं तो हात बाजूला केला.

"पेटी आज ने. मासे महिन्यानं."

"महिनाभर रिकामं पाणी दाखवू का बायकोला?"

"म्हाताऱ्या, घरी कोबी आंबवायला घालतोस ना पिंपात? आज घातलास आणि उद्या ताटात वाढलास असं कधी केलंस? पाणी पिकावं लागतं. माशांची घाण खाणारे बारीक जीव आधी वाळूत वाढू देत. घाई केलीस तर मासे स्वतःच्या मुतात मरतील आणि तू येऊन मला शिव्या घालशील."

"तुला शिव्या घालायला मासेच मरायला हवेत असं नाही," मी म्हटलं.

"ही कोण? तुझी वकील?"

"शेजारीण," काका म्हणाले. "पण वकिलापेक्षा वाईट."

दोंचो हसला आणि त्यानंतर नीट बोलला. त्यानं ओल्या कागदात वनस्पती गुंडाळून दिल्या. लांब पट्ट्यांचं पाणगवत, ते वाळूत खोचायचं. एक पाण्यातलं नेचं, त्याचं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर सडतं, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. आणि मूठभर शेवाळ. "याला काही लागत नाही. तुझ्या वकिलीणबाईंनी शिव्या दिल्या तरी वाढेल. दिवा आठ तास, त्यापुढे नको, नाहीतर पेटीत पालकाचा रस्सा होईल. पहिली पानं गळतील, घाबरू नकोस. नवी फुटतात." गवताला चार गोगलगायी चिकटल्या होत्या, त्या फुकट.

पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवली, पलंगाच्या भिंतीकडच्या कडेशी एका बुटक्या स्टुलावर, बरोबर मावशीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवली. मग काका पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली उतरले. दहा-दहा लिटरच्या सहा बाटल्या. नळ चार पावलांवर होता. तो उघडायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि माझ्याही नाही. रुदेन दोलमध्ये नळाचं पाणी लादी पुसायला वापरतात. चांगलं पाणी म्हणजे इल्कोचं पाणी.

इल्को हा त्यांचा एकुलता एक मुलगा. खाणीचा ट्रक दरीत गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आमच्याकडे तरणंताठं माणूस गेलं की घरचे त्याच्या नावानं पाण्याचा झरा बांधून काढतात. टेकडीतून येणाऱ्या धारेला दगडी भिंत, लोखंडी तोटी, वर कोरलेलं नाव. पिणारा ओंजळ खाली करतो आणि म्हणतो, "देव इल्कोला क्षमा करो." तेवढंच भाडं. काकांनी दगड स्वतः घडवले. तिथे बाकही त्यांनीच बांधलं, आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी त्या बाकावर बसून ते पोराचं नाव ऐकत होते. अनोळखी माणसांच्या तोंडून, दिवसाला शंभर वेळा. काहीजण देवळात जातात, काका बाकावर जायचे.

शंभर वेळा, ही माझी करणी. सहा वर्षांपूर्वी नळाला तपकिरी पाणी यायला लागलं तेव्हा मी साठ बायका घेऊन रस्ता अडवला होता. पाइप कुणी बदलले नाहीत. मग मी इल्कोच्या पाण्याची तपासणी करून घेतली, कागदावर सगळं स्वच्छ आलं, आणि झऱ्याशेजारी मी स्वतः लाल रंगानं फळा रंगवला: हे प्या, नळाचं नको. सबंध गाव बाटल्या घेऊन तिथे रांग लावायला लागलं. दोन वर्षांपूर्वी खाणीनं टेकडीमागच्या गाळतळ्याचा बांध चार मीटर उंच केला, तेव्हाही आम्ही धुळीबद्दल भांडलो. पाण्याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

काकांनी दोंचोचा शब्द न् शब्द पाळला. नेचं दगडाला बांधलं ते मावशीच्याच शिवणाच्या दोऱ्यानं. दिवा सकाळी लावायचे, आठ तासांनी मालवायचे. गोगलगायी तिसऱ्या दिवशी तळाशी पडल्या. काकांना वाटलं, प्रवासात दमल्या असतील. पाणगवताची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. दोंचो म्हणालाच होता की गळतील. नवी काही फुटेनात, नुसत्या काळ्या टोकांच्या काड्या उरल्या. तरी महिना पुरा झाला आणि काकांनी सहा गप्पी आणून सोडले.

त्या दिवशी मी तिथे होते. मावशीला झटक्यानंतर तीनच शब्द उरले होते: हो, नको आणि इल्को. उशीला, चमच्याला, औषधाला, सगळ्याला ती इल्को म्हणायची. केशरी शेपटीचा एक मासा तिच्या नाकासमोरून गेला, परत आला, आणि बाई अर्ध्या तोंडानं हसली. "हो," म्हणाली. काकांनी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी सहाही मासे पोट वर करून तरंगत होते. काका बाजारात गेले असताना मासे मेले, म्हणजे सकाळभर मावशी तेच बघत पडलेली. मान वळवता येत नव्हती, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले होते. काकांनी जाळीनं मासे काढले तरी तिनं डोळे उघडले नाहीत. "नको," म्हणाली.

मी म्हटलं, "काका, तुम्ही द्राक्षाच्या वेलांवर फवारणी करता ना? मोरचूद कालवलेल्या हातांनीच पेटीत हात घातला असणार. मासे मरतील नाही तर काय?"

काकांनी वेल शेजाऱ्याच्या हवाली केले, हात कोपरापर्यंत व्हिनेगरनं चोळले, पेटी रिकामी केली, सगळं धुतलं, पुन्हा सहा बाटल्या चढवल्या, पुन्हा वाट पाहिली. दोंचोनं थोडी जुनी वाळू दिली, म्हणजे या वेळी पाणी लवकर पिकेल. तीन मासे दिले. तीनही दोन दिवसांत गेले.

जूनच्या शेवटी काका माझ्या दाराशी आले. आयुष्यात पहिल्यांदा. हातात लोणच्याच्या दोन बरण्या. एकीत गोगलगाय काचेवर चढत होती, शिंगं बाहेर काढून. दुसरीतली तळाशी, शंखाबाहेर लोंबत होती.

"ही चालतीय ती नळाच्या पाण्यातली," ते म्हणाले. "एक दिवस उघडं ठेवून, गंज खाली बसू देऊन, वरचं घेतलं. ही मेलेली इल्कोच्या पाण्यातली. चार वेळा करून बघितलं, ग्रोझ्दे. चारही वेळा हेच."

"मग?"

"गोगलगाय तांब्यानं मरते. हौदाखालच्या ओढ्यात एकही नव्हती, तीस वर्षं बघितलंय मी. वेलाला फवारतो त्यातही तेच असतं. आणि तांबं एकटं नाही येत. आमच्या गाळात त्याच्याबरोबर काय काय असतं ते मला माहीत आहे. बांधाखालून पाझरतंय. पाणी तपासून घे."

मला काय झालं ते सांगते, लपवत नाही. माझं डोकं फिरलं. सहा वर्षं मी बायकांना म्हटलं होतं, हे पाणी प्या. बाळांच्या बाटल्यांत तेच, म्हाताऱ्यांच्या चहात तेच.

"एका गोगलगायीवरून?" मी ओरडले. "माझ्याकडे शिक्क्याचा कागद आहे!"

"सहा वर्षांपूर्वीचा."

"तुम्हाला एक मासा जगवता येत नाही म्हणून मी गावाला गंजकं पाणी पाजू? उद्या खाणवाले टाळ्या पिटतील, ग्रोझ्दानं स्वतःचाच फळा पुसला म्हणून. कुणी शिकवून पाठवलं तुम्हाला? निवृत्त झालात तरी मीठ त्यांचंच, ना?"

काकांनी बरण्यांना झाकणं लावली. "त्या मिठानं माझा पोरगा गेला," ते म्हणाले. "आणि झरा तुझा नाही, त्याचा आहे. त्याला वाईट म्हणायची मला किती हौस असेल, त्याचा जरा विचार कर." आणि गेले.

त्या दिवसापासून त्यांनी मावशीला इल्कोचं पाणी देणं बंद केलं. डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजा सांगितलं होतं, म्हणून झटका आल्यापासून रोज तीन-तीन लिटर तेच पाजत होते. त्याआधीही घरात दुसरं पाणी नव्हतं. आता नळाचं, निवळून, उकळून. पेटीतही तेच. इमारतीतल्या बायका जिन्यात म्हणायच्या, म्हातारा वेडा झाला, अंथरुणातल्या बायकोला गंज पाजतो. मीही ऐकत होते. मी त्यांना गप्प केलं नाही.

मग जुलैतल्या एका रविवारी, भर रांगेत, काका पाना घेऊन झऱ्यावर गेले आणि तोटीचा वरचा खटका आवळून पाणी बंद केलं.

"अहो, माझी बाटली अर्धी आहे!"

"ओतून टाक."

"ओतून टाक? वर चढून आलेय मी, गुडघे गेलेत माझे!"

"पाणी चांगलं नाही. कुणी पिऊ नका."

"लाज वाटते का?" मागून कुणीतरी ओरडलं. "स्वतःच्या पोराच्या नावाचं पाणी तोडतोस! कोण बाप असं करतो?"

काका पाना धरून तोटीपुढे उभे राहिले, पाठ दगडाला लावून. कुणीतरी मला बोलवायला आलं. मी तावातावानं वर गेले. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि गाव बघत असलं की मला माघार घेता येत नाही. हा माझा जुना रोग आहे. मी काकांच्या हातातून पाना घेतला. त्यांनी ओढाताण केली नाही, वयानं पासष्टी उलटलेला माणूस, बाईशी कशाला झटापट करेल. मी खटका सोडला, पेला भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले.

"बघा, मेले का?"

लोक हसले. रांग पुन्हा लागली. काका बाकावर बसले नाहीत, सरळ घरी गेले.

रिकाम्या पेल्यानं काय सिद्ध होतं, तो प्रश्न मला घरी आल्यावर पडला. काकांना कायमचं गप्प करावं म्हणून, फक्त म्हणूनच, मी दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या भरून राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. एक झऱ्याची, एक नळाची. पाच आठवडे लागतील म्हणाले.

त्या पाच आठवड्यांत मी तिसऱ्या मजल्यावर एकदाच गेले, कारण मावशी अत्यवस्थ आहे असं कळलं. दार उघडंच होतं. मला दिसली ती पेटी. पाणगवत वरपर्यंत पोहोचून वाकलं होतं, नेच्याच्या पानांच्या टोकांना इवली इवली रोपं फुटली होती, शेवाळात टाचणीच्या डोक्याएवढी माशांची पिल्लं लपत होती. पाणी जरासं पिवळसर, गंजाचं, पण आत सगळं जिवंत. मावशीचा चेहरा सुजला होता. डोळे पेटीवर होते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"माशांना? चोवीस." काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "पिल्लं परवा झाली. तिनंच आधी बघितली. 'इल्को, इल्को' करत होती, मला वाटलं पाणी मागते."

मला बस म्हणाले नाहीत. मी उभी राहिले आणि निघाले.

मावशी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. डॉक्टरांनी मूत्रपिंडं निकामी असं लिहिलं. ती मूत्रपिंडं आधीपासूनच अधू होती. त्यात वयाचा वाटा किती, पाण्याचा किती, हे मी सांगू शकत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. दारावर तिचं छायाचित्र असलेला काळ्या चौकटीचा कागद लागला. दफनाला इमारतीतली निम्मी माणसं आली नाहीत. झरा बंद करणाऱ्याच्या घरी कोण येणार. पलंग काढून नेला, पेटी तिथेच राहिली, इतकी खाली की काका जमिनीवर बसून बघायचे.

प्रयोगशाळेचा कागद ती गेल्याच्या नवव्या दिवशी आला. तांबं. आर्सेनिक. कॅडमियम. आकडे मला वाचता येतात, मी स्वतः शिकले आहे. नळाच्या रकान्यात नुसतं लोखंड.

मी त्याच संध्याकाळी झऱ्यावर उभी राहून तो मोठ्यानं वाचला. मला वाटलं होतं, लोक बाटल्या फेकतील. एक बाई म्हणाली, "त्या दिवशी तूच प्यायलीस ना, ग्रोझ्दे?"

"चूक केली."

"तेव्हा चूक की आता? किती दिले खाणवाल्यांनी?"

"तूच म्हणायचीस, ते आपलं पाणी बंद करायला बघतील. कागद आणतील म्हणायचीस. आणला बघ कागद. तुझ्याच हातून!"

हे मी म्हटलं होतं. शब्दन् शब्द माझा. मी खटका आवळला, त्यांनी रात्रीतून सोडला. मी कुलूप घातलं, ते फोडलं. माझा लाल फळा मी उपटला, तर कुणीतरी तसाच नवा रंगवला, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. ग्रामसभेत म्हणाले, खासगी बांधकाम आहे, बांधणाऱ्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

म्हणून मी कागद घेऊन काकांकडे गेले. ते पेटीतलं थोडं पाणी बदलत होते, नळीनं जुनं काढून, बादलीत निवळत ठेवलेलं हळूहळू ओतत. मी कागद पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"मला माहीत आहे त्यात काय आहे."

"काका, मी..."

"ते नंतर," ते म्हणाले. "किती लोक अजून भरतात?"

"सगळे."

त्यांनी नळी गुंडाळली, हात पुसले, कोपऱ्यातून थापी काढली. "सिमेंट तुझ्या गाडीत मावेल ना?"

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, रांग असतानाच. लपून करायचं नाही, असं तेच म्हणाले. तोटी उपटली. पाणी दगडातून मोकळं धावायला लागलं, आमचे बूट भिजले. एका म्हातारीनं ओंजळ पुढे केली, काकांनी तिचा हात धरून बाजूला सारला. ती त्यांच्या अंगावर थुंकली. कुणीतरी ढेकूळ मारलं, ते माझ्या खांद्याला लागलं. मी वळून शिवी देणार होते. काका म्हणाले, "बादली धर." मी धरली.

धारेत सिमेंट टिकेना. वाहून जायचं. त्यांनी आधी चिंध्या ठोकल्या, मग लाकडाचा खुंटा, मग वरून गिलावा, तळव्यानं दाबून, पाऊण तास. शेवटी नुसती ओल राहिली. लोक एकेक करून रिकाम्या बाटल्या घेऊन उतरले. नाव कोरलेल्या दगडावर सिमेंटचे शिंतोडे उडाले होते. काकांनी ते ओल्या फडक्यानं पुसले, अक्षरांच्या खोबणीतून नखानं काढले.

मला तेव्हा रडू आलं. मी काहीतरी म्हणाले, क्षमेचं.

"ते राहू दे," काका म्हणाले. सिमेंटनं त्यांच्या तळव्याची साल निघाली होती. "आता ही माणसं उद्यापासून काय पिणार? पाइप सहा वर्षं तसेच आहेत. रस्ता अडवता येतो ना तुला?"

"माझ्याबरोबर आता कोण येणार, काका?"

"मी येतो," ते म्हणाले, आणि रिकामी बादली उचलून उतरायला लागले.